परत येण्यासाठी निघालेल्या मुली

परवा सबमिशनच्या गडबडीत कॅन्टीनमध्ये बसले होते. जर्नलच्या गठ्ठ्याखाली एक बारीकसं पुस्तक होतं. एका मैत्रिणीनं ते उचललं, मागचं पान वाचलं आणि परत ठेवून दिलं. म्हणाली, "अगं, या सगळ्या पुस्तकांची स्टोरी एकच असते. गरीब घर, कडक बाप, हुशार मुलगी. मुलगी शिकते, इंग्लिश फाडफाड बोलायला लागते आणि घर सोडून जाते. संपलं!" टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले. व्हायवामध्ये होतं तसंच झालं, उत्तर बाहेर आल्यावर सुचलं. म्हणून ते इथे देते.

पुस्तकाचं नाव 'द हाऊस ऑन मँगो स्ट्रीट'. (आंब्याशी काही संबंध नाही, शिकागोतल्या एका रस्त्याचं नाव आहे.) लेखिका सान्द्रा सिस्नेरोस. १९८४ साली ह्यूस्टनच्या 'आर्ते पुब्लिको' या लहानशा प्रकाशनानं ते काढलं आणि पुढे ते अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत शिकवलं जाऊ लागलं. ४४ छोटी छोटी प्रकरणं, काही तर जेमतेम पानभराची. एका दुपारीत वाचून होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही मैत्रिणीसारखंच वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचल्यावर मत बदललं.

माझं म्हणणं असं, की चिकाना लेखिकांनी लिहिलेल्या या मुलींच्या मोठं होण्याच्या गोष्टी आपण अर्ध्याच वाचतो. मुलगी घराविरुद्ध बंड करते एवढंच आपल्याला दिसतं, कारण तेवढं आपल्या ओळखीचं असतं. पण या मुली एकाच वेळी दोन बाजूंना 'नाही' म्हणत असतात आणि त्यातला एकही नकार काढून टाकला तर गोष्टच खोटी होते.

आधी 'चिकाना' म्हणजे कोण ते सांगायला हवं, कारण मलाही वर्षापूर्वी माहीत नव्हतं. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांसाठी 'चिकानो' हा शब्द पूर्वी हेटाळणीनं वापरला जायचा. १९६० च्या दशकात तिथल्या तरुणांनी तोच शब्द उचलून अभिमानानं स्वतःला लावला. 'चिकाना' हे त्याचं स्त्रीलिंगी रूप. यातले बरेचजण नंतर मेक्सिकोतून आले, पण सगळेच काही 'बाहेरून' आलेले नाहीत. १८४६ ते १८४८ च्या युद्धानंतर ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला आणि कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा प्रचंड मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. तिथं राहणारी माणसं जागची हलली नव्हती. सरहद्दच त्यांच्या अंगावरून पुढे गेली होती! ज्या गावात आपल्या पिढ्या गेल्या, तिथेच आपण परके, आपली भाषा परकी, हा अनुभव तिथून सुरू होतो.

आता मँगो स्ट्रीटवर येऊ. नायिका एस्पेरान्सा कोर्देरो. स्पॅनिशमध्ये 'आशा करणं' आणि 'वाट बघणं' या दोन्हींना एकच क्रियापद आहे, हे समजलं की या नावाचा अर्थ अवघड होतो. हे नाव तिच्या पणजीचं. पणजी म्हणे एकदम जंगली घोड्यासारखी होती, लग्नच नको म्हणायची. मग पणजोबांनी तिच्या डोक्यावर पोतं टाकून तिला उचलून नेलं. उरलेलं आयुष्य तिनं खिडकीत बसून काढलं. एस्पेरान्साला पणजीचं नाव चालतं, खिडकीतली जागा नको आहे. हा झाला एक नकार.

पण त्याच प्रकरणात दुसरीही गोष्ट आहे. शाळेत तिचं नाव असं उच्चारतात, की जणू ते पत्र्याचं आहे आणि टाळूला टोचतंय. घरच्या स्पॅनिशमध्ये तेच नाव मऊ होतं. पणजोबांचा राग यावा तर त्यांच्याच भाषेत आपलं नाव नीट घेतलं जातं, आणि जिथे शिकून मोठं व्हायचं तिथे कुणाला ते नीट घेताही येत नाही! पळून कुठे जाणार?

एस्पेरान्सा नन्सच्या शाळेत जाते. सरकारी शाळेत मुलं बिघडतात असं तिच्या वडिलांचं मत. एकदा सिस्टर सुपीरियर तिला खिडकीपाशी नेते, रस्त्यापलीकडच्या सगळ्यात कळकट इमारतींकडे बोट दाखवते आणि तुझं घर तेच ना, असं विचारते. ते तिचं घर नसतं. तरी ती मान डोलावते आणि रडायला लागते. मी स्वतः कॉन्व्हेंटची. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या सिस्टर्स प्रेमळ होत्या, त्यांनी मला पुष्कळ दिलं. पण 'तू कुठून येतेस ते मला माहीत आहे' अशा नजरेनं बघणारं कुणीतरी प्रत्येक शाळेत असतं, आणि त्या नजरेला आपण का होकार देतो हे मोठं झाल्यावरही कळत नाही.

मँगो स्ट्रीटच्या बायकांची तर यादीच करता येईल. राफाएला फार सुंदर आहे म्हणून नवरा तिला कोंडून ठेवतो. मंगळवारी तो डॉमिनो खेळायला गेला की ती वरून डॉलर खाली टाकते, मुलं नारळाचा नाहीतर पपईचा ज्यूस आणतात आणि ती दोरीनं पिशवी वर ओढून घेते. मिनर्वा एस्पेरान्सापेक्षा थोडीच मोठी. दोन मुलं, वारंवार सोडून जाणारा नवरा, आणि रात्री मुलं झोपल्यावर कागदाच्या चिटोऱ्यांवर कविता. सॅलीचा बाप तिला मारतो. त्यातून सुटायला ती आठवीच्या आधीच लग्न करते, तर नवरा तिला खिडकीबाहेरही बघू देत नाही. मैत्रिणीनं सांगितलेली 'स्टोरी' म्हणजे खरं तर सॅलीची. ती घरातून पळाली आणि दुसऱ्या घरात अडकली.

आणि एक मामासिता आहे. नवऱ्यानं दोन दोन नोकऱ्या करून पैसे साठवले आणि तिला इकडे आणलं. ती तिसऱ्या मजल्यावरून खालीच येत नाही. दिवसभर स्पॅनिश रेडिओ ऐकते आणि आपल्या गुलाबी घरासाठी झुरते. एक दिवस तिचं बाळ टीव्हीवर ऐकलेलं पेप्सीच्या जाहिरातीचं गाणं म्हणायला लागतं, इंग्रजीत. ती कळवळून त्याला सांगते, इंग्रजी बोलू नकोस. राफाएलाला कोंडणारा तिचा नवरा आहे हे लगेच कळतं. मामासिताला कुणी कोंडलं? तिच्या दाराला तर कुलूपही नाही. मला वाटतं या दोघींना सिस्नेरोस यांनी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी ठेवलं, तेच या पुस्तकाचं खरं म्हणणं आहे. फक्त राफाएला वाचली तर 'यांची संस्कृतीच मागासलेली' असा निष्कर्ष निघतो आणि अमेरिकन वाचक खूश होतो. फक्त मामासिता वाचली तर 'आमची संस्कृती किती ऊबदार होती' असा निष्कर्ष निघतो आणि घरचे पुरुष खूश होतात. दोघींना एकत्र वाचलं की कुणीच खूश होत नाही!

आणि खरंच तसं झालं. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हजारो विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून मोर्चे काढले. आमचा इतिहास शिकवा, स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा करू नका, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या चळवळीत मुली पुढे होत्या. पण भाषणं मुलांनी करायची आणि टायपिंग नि स्वयंपाक मुलींनी, असा अनुभव अनेकींना आला. त्यांनी प्रश्न विचारला की उत्तर मिळायचं: हे गोऱ्या बायकांचं खूळ आहे, तुम्ही विकल्या गेलात. १९७१ मध्ये ह्यूस्टनला चिकाना स्त्रियांची मोठी परिषद झाली, तिथेही हाच वाद उफाळला. आधी समाजाची लढाई की आधी बायकांची? जणू बाई समाजाच्या बाहेर राहते.

'विकली गेलेली' या शिवीलाही इतिहास आहे. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस मेक्सिकोत उतरला, तेव्हा तिथल्या एका जमातीनं त्याला ज्या वीस गुलाम स्त्रिया 'भेट' दिल्या, त्यांतली एक मालिंचे. तिला भाषा येत होत्या, ती त्याची दुभाषी झाली. पुढे तिचं नाव म्हणजेच देशद्रोह असा अर्थ रूढ झाला. चिकाना लेखिकांनी विचारलेला प्रश्न साधा आहे: तिला आधी कुणी दिलं? जी स्वतःच दुसऱ्याच्या हाती दिली गेली, तिलाच विकली गेलेली म्हणायचं, हा कुठला न्याय?

दुभाषी मुलीवर दोन्हीकडून संशय, हे ग्लोरिया अन्झाल्दुआ यांच्या 'बॉर्डरलँड्स / ला फ्रोन्तेरा' (१९८७) या पुस्तकात सगळ्यात स्पष्ट येतं. ती कादंबरी नाही, आठवणी, निबंध आणि कविता असं मिश्रण आहे, पण या कादंबऱ्या समजायला ते हाताशी हवं. अन्झाल्दुआ दक्षिण टेक्सासच्या. मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलल्या म्हणून त्यांच्या बोटांच्या पेरांवर पट्टी बसली. बाईंना आपलं नाव कसं उच्चारायचं ते सांगायला गेल्या तर उलट बोललीस म्हणून कोपऱ्यात उभं राहावं लागलं. कॉलेजात त्यांच्यासारख्या मुलांना उच्चार 'सुधारण्याचे' दोन कोर्स सक्तीचे होते. आणि इकडे शुद्ध स्पॅनिशवाले म्हणणार, तुमची स्पॅनिश भ्रष्ट! त्यांनी यावर काढलेला मार्ग मला भारी वाटतो. पुस्तकच दोन्ही भाषांत लिहिलं, मधेच इंग्रजी, मधेच स्पॅनिश, आणि बऱ्याच ठिकाणी भाषांतर दिलंच नाही. ज्याला कळत नाही त्यानं थोडं अडखळावं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता, शब्दाला एक रुपया. वर्गाच्या मॉनिटरकडे त्याची वही असायची. सातवीत मी मॉनिटर होते. त्या वर्षी एक मुलगी मराठी शाळेतून आमच्या वर्गात आली. त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा तिचं नाव आहे, माझ्या सुवाच्य अक्षरात. महिन्याभरात तिनं मराठी बोलणं बंद केलं. इंग्रजी तिला येत नव्हतंच, म्हणजे तिनं बोलणंच बंद केलं. मला त्या वर्षी शिस्तीसाठी बॅज मिळाला.

आमचा एक रुपया आणि अन्झाल्दुआंच्या बोटांवरची पट्टी एकच आहे असं मी म्हणणार नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की सगळीकडे मराठीच होती, राज्याचा कारभार मराठीत होता, आणि इंग्रजी शाळेची फी भरू शकणारे आईबाबा मला मिळाले हे नशीबच. तिथल्या मुलांना फाटकाबाहेरही तीच नजर होती. पण पट्टी नेहमी बाईंच्याच हातात असते असं नाही, ती कधीकधी शेजारच्या बाकावरच्या हुशार मुलीच्या हातात असते, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

दुसरी कादंबरी खास आपल्यासाठी, म्हणजे वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्यांसाठी. हेलेना मारिया विरामोन्तेस यांची 'अंडर द फीट ऑफ जीझस' (१९९५). एस्त्रेला, वय १३, आईसोबत कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरी करते. पीक जिथे, घर तिथे. शाळेत फळ्यावरची अक्षरं तिला कळत नाहीत, आणि शिक्षकांना तिच्या शिकण्यापेक्षा नखांखालच्या मळाची काळजी जास्त. मग आईच्या सोबतीला आलेला म्हातारा पेर्फेक्तो तिला आपली हत्यारांची पेटी उघडून दाखवतो. हे अमुक, याचं काम तमुक. प्रत्येक हत्याराला नाव आहे, वजन आहे, उपयोग आहे. हत्यारांची नावं शिकता शिकता एस्त्रेला वाचायला शिकते! शब्द हेही हत्यारच, पेलायचं कसं ते कुणीतरी दाखवावं लागतं. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये पक्कड, कानस, पाना यांची नावं पाठ करताना मला फक्त मार्क दिसत होते.

पुढे आलेहो नावाचा मुलगा, ज्याला शिकायचं आहे, ज्याला दगडांचं वेड आहे, तो झाडावर असताना वरून विमान कीटकनाशक फवारत जातं. तो आजारी पडतो. ही मंडळी त्याला कशीबशी दवाखान्यात नेतात. नर्स तपासते आणि हॉस्पिटलमध्ये न्या म्हणते, म्हणजे तो आजारी आहे एवढंच सांगते. फी १५ डॉलर, गरीब म्हणून १०. यांच्याकडे असतात ९ डॉलर ७ सेंट. पेर्फेक्तो दुरुस्तीचं काम करून देतो म्हणतो, पण तिला ते चालत नाही. पैसे जातात आणि हॉस्पिटलपर्यंतच्या पेट्रोललाही काही उरत नाही. तेव्हा एस्त्रेला गाडीतून पहार आणते, नर्सच्या टेबलावर घालते आणि आपले ९ डॉलर ७ सेंट परत घेते. तेवढेच!

हे बरोबर की चूक? मला वाचताना आधी नर्सचीच दया आली. ती दुष्ट नाही, नियमानं वागते. पण एस्त्रेलाचा हिशोब नीट बघा. तिच्या मनात येतं, की पेट्रोल ज्यांपासून बनतं त्या जमिनीखालच्या हाडांसारखीच आमची हाडं आहेत. आमच्या मेहनतीवरच या नर्सची गाडी चालते, दिवे लागतात. मग देणं कोण कुणाचं लागतं? थर्मोमध्ये आपण एनर्जी बॅलन्स मांडतो, आत किती गेलं, बाहेर किती आलं. या समाजाचा बॅलन्स १३ वर्षांची, शाळेनं 'ढ' ठरवलेली मुलगी मांडते आणि तो जुळत नाही. पहार बरोबर असं मी म्हणत नाही. पण त्या टेबलापर्यंत तिला आणणाऱ्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी सभ्यपणे नियम पाळला होता, हे नजरेआड करून निकाल देता येणार नाही.

एस्त्रेलालाही दुसरी बाजू आहेच. गरोदर आई, पाठची भावंडं, आणि मनातल्या मनात निघून जाण्याचा विचार करणारा पेर्फेक्तो. थोरली मुलगी म्हणून सगळ्यांचं ओझं तिच्यावर. ती शेवटी पळत नाही. जुन्या गोठ्याच्या छपरावर चढून ताठ उभी राहते, आणि कादंबरी तिथेच संपते.

आता कुणी म्हणेल, असली पुस्तकं वाचून काय होतं? ॲरिझोना राज्याला मात्र वाटलं की बरंच काही होतं. २०१० साली तिथे एक कायदा झाला आणि त्याच्या दबावाखाली तुसॉनच्या शाळांमधला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम जानेवारी २०१२ मध्ये बंद करावा लागला. 'मँगो स्ट्रीट' त्या अभ्यासक्रमात होतं. त्याच वर्षी ह्यूस्टनहून लेखक-वाचकांची एक यात्रा बसनं पुस्तकं घेऊन तुसॉनला गेली. स्वतःला ते गमतीनं पुस्तकांचे तस्कर म्हणवत! २०१७ साली न्यायालयानं ठरवलं की त्या कारवाईमागे वांशिक आकस होता. एका मुलीच्या खिडकीत न बसण्याच्या गोष्टीला एवढी ताकद असते.

शेवटी मैत्रिणीचा मुद्दा, घर सोडून जाण्याचा. एस्पेरान्सा जाणार हे खरं. तिला स्वतःचं घर हवं आहे, नवऱ्याचं नाही, बापाचं नाही. पण पुस्तकाच्या अखेरीस तीन म्हाताऱ्या बहिणी तिचा हात हातात घेतात आणि बजावतात, की गेलीस तरी परत ये, ज्यांना तुझ्यासारखं सहज निघता येत नाही त्यांच्यासाठी. ही रस्ता सुधारल्याशिवाय मी येणार नाही म्हणते, तेव्हा शिकणारी शेजारीण अलिसिया विचारते, सुधारणार कोण? मेयर? तो कशाला येतोय इकडे!

सिस्नेरोस स्वतः परत गेल्या असं मला वाटतं. सहा भावांत त्या एकट्या. वडील लोकांना सांगायचे, मला सात 'इहोस'. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ सात मुलंबाळंही होतो आणि सात मुलगेही. त्या सातात ही एक मुलगी हरवून जायची. कॉलेजात जायला वडिलांनी हो म्हटलं, कारण तिथे चांगला नवरा मिळेल! वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मुलगी काय लिहिते ते त्यांना कधी कळलं नाही. मग एकदा त्यांची एक कथा स्पॅनिशमध्ये छापून आली. आजारी वडिलांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, नातेवाइकांना द्यायला आणखी प्रती कुठे मिळतील?

मी कॉलेजच्या मॅगझिनमध्ये आजवर इंग्रजी विभागातच लिहिलं. हा लेख मराठीत लिहायला मला तिप्पट वेळ लागला. वेलांट्या आईनं तपासल्या, आणि ती म्हणाली, "हे तू लिहिलंस? मग आजीलाही वाचायला दे." माझं लिहिलेलं आजी पहिल्यांदाच वाचणार आहे.

त्या सातवीतल्या मुलीचा पत्ता मात्र माझ्याकडे नाही.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)